तूर्तास

तेशीच्या किनाऱ्यालगत आमचा कारखाना,
वर पत्रा, खाली भुसा, समोर समुद्र.
माणूस शेवटी ज्यात निजतो ते आम्ही घडवतो.
कोळ्याला कुपा मासा, कल्ले लाल, डोळा काचेचा.
कांदेवालीला कांदा, एक पापुद्रा सुटलेला.
ड्रायव्हरला ट्रक, नंबरासकट.
एका मास्तरांना पेन केलं,
त्याचं टोपण काही केल्या बसेना,
म्हणून मास्तर दीड दिवस खोळंबले.
बायको म्हणाली, उशीर हा त्यांच्या जन्मातला पहिलाच.

माझं काम घासायचं.
आधी ऐंशीचा कागद, मग दोनशेचा, मग मिस्त्रींची नजर.

त्या दुपारी अजेलीमावशी आली.
चाळीस वर्षं मासे तळून
मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या चटक्यांची नक्षी.
"माप घे," म्हणाली. "मला खुर्ची हवी."

लाम्प्टे मिस्त्रींचा रंधा मध्येच थांबला.
आसन म्हणजे राजाचं.
सिंह, तलवार, आसन ही रूपं मानकऱ्यांची,
नुसतं विचारायचं तरी
वडीलधाऱ्यांकडे बाटली घेऊन जावं लागतं.

"सिंहासन कोण मागतंय?
प्लास्टिकची. पांढरी.
मयताला भाड्याने आणतात ना, ती.
शंभर मयतं केली मी या गल्लीत,
सगळ्यांना वाढलं,
एकदाही बूड टेकलं नाही."
जाता जाता वळली.
"एक हात तुटका कर. तारेने बांधलेला.
धड दिसली तर कुणीतरी उचलून नेईल."

आता पंचाईत बघा.
लाकडाचा मासा होतो,
झाड जन्मभर पाणीच प्यालेलं असतं.
लाकडाचं विमान होतं,
त्याच्या अंगाखांद्यावर पाखरं खेळलेली असतात.
पण लाकडाचं प्लास्टिक करायचं म्हणजे
घरातल्या थोरल्याला
उडाणटप्पू व्हायला शिकवणं.
पांढऱ्या रंगाचे सात हात दिले,
सातही वेळा खालून रेषा डोकावल्या,
मी इथे आहे, मी इथे आहे.
आठव्या हाताला मिस्त्रींनी शिवी हासडली.
मग गप्प बसलं लाकूड.

आणि आडवी बाई खुर्चीत मावणार कशी?
तीन रात्री मिस्त्री विडी ओढत राहिले.
चौथ्या सकाळी खडूने जमिनीवर आखलं:
सीट सहा फूट रुंद, सीट म्हणजेच झाकण,
पाठीला त्याच त्या उभ्या फटी, हात दोन टोकांना.
जणू दोन भावांनी वाटणीत एकच खुर्ची
दोन्हीकडून ओढली आणि ती तुटली नाही,
नुसती लांबली.
डाव्या हाताला तडा मी कोरला.
तार खरी.

मावशी आली, भोवती फिरली,
तड्यावर बोट फिरवलं, वर चढून मधोमध बसली.
पाय जमिनीला पोचेनात.
आम्ही वाट पाहिली. हसेल, रडेल,
निदान भाव तरी पाडेल.
काही नाही. होड्या परत येईपर्यंत बसली.
मग म्हणाली, "बरी आहे. मला घाई नाही."

त्याला आता तीन वर्षं होतील.
रोज चारला येते, तळणीची पाटी शेजारी.
नारळवाली ओक्वेली, जिच्याशी तिचं
एका पातेल्यावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं,
ती या टोकाला बसते. त्या टोकाला पाद्रीबुवा,
चपला काढून, पुढच्या खेपेला कोण यावर पैजा ऐकत,
ऐकू येत नसल्यासारखं करत.
मुलं पाठीच्या फटींत पाय अडकवून ओरडतात.

लांबून आलेला एक पाहुणा
सगळ्या बाजूंनी फोटो काढून विचारता झाला,
ही खुर्ची की शवपेटी?
मिस्त्री रंध्यावरून मान न उचलता म्हणाले,
"तूर्तास खुर्ची."

दर शनिवारी मी ती साबणाने धुतो,
माशांचा वास तरी जात नाही.
हिशेबाच्या वहीत अजून उघडी आहे ती ओळ,
मिस्त्रींच्या अक्षरात:
पेटी एक, पांढरी, हात तुटका.
पैसे पोचले.
माल वापरात.