फुग्यांची ड्यूटी

अ-ला लाल, ब-ला पिवळा, क-ला पांढरा,
ड-ला निळा.
पाच तास, आठ गणितं, साठ टेबलं,
दर टेबलाला तीन डोकी आणि संगणक एकच.
गणित सुटलं की टेबलावर फुगा.
बिश्केकच्या या व्यायामशाळेत
कोळशाच्या धुरानं खिडक्या भर दुपारी करड्या,
आणि फुगे माझ्याकडे.

निवडचाचणीत आम्ही तिघी चौथ्या आलो.
जाणार होत्या तीन टीम.
झिल्दिझ एजे रजिस्टर मिटता मिटता म्हणाल्या,
"आयझिरेक, तू स्वयंसेवक हो.
टी-शर्ट मिळतो, जेवण मिळतं,
सीव्हीत एक ओळ वाढते."
टी-शर्ट मिळाला. गुडघ्यापर्यंत येतो.

हेलियमचं सिलिंडर पहिल्या दोन तासांतच संपलं.
सोप्या गणितांचे फुगे छताला जाऊन टेकले,
अवघड गणितांचे मी तोंडानं फुगवले,
ते उडत नाहीत.
खुर्चीच्या पायाशी पडून राहतात,
थकलेल्या कोकरासारखे.

बाहेरच्या बोळात कंपन्यांचे स्टॉल.
बँकेवाले मोजे वाटतात, मोज्यांवर बँकेचं नाव.
जर्मनीतल्या उन्हाळी शाळेचं गुळगुळीत पत्रक,
अर्जाची मुदत कालच संपलेली.
टाय लावलेला एक जण विचारतो, "कुठली टीम?"
"फुगे," मी म्हणते.
तो हसतो, आणि मोज्यांचा एक जोड जास्त देतो.

ड-मध्ये एक मेंढपाळ आहे.
सात खिंडी, नऊशे मेंढ्या,
बर्फ पडायच्या आत सगळा कळप खाली आणायचा.
मी कागद वाचला तो दोऱ्या कापताना.
गणित काढणाऱ्यानं मेंढी पाहिलेली नसावी,
त्याची मेंढी सांगितलेल्या वाटेनं चालते.
पण नारिनला माझा तोक्तोसून मामा
दर वर्षी हेच करतो, कागदाशिवाय:
आधी बर्फाचा दिवस धरायचा,
मग तिथून मागे मागे मोजत यायचं,
शेवटची खिंड, तिच्या आधीची, तिच्याही आधीची.
माझी कात्री थांबली.
सुटलं होतं.
याला फुगा नाही.

त्रेचाळीस नंबरच्या टेबलावर ओशची तीन मुलं.
चार तास झाले, टेबल कोरडं.
एकानं अजून कोटसुद्धा काढलेला नाही,
त्याच्या कागदावर पहिल्या खिंडीपासून निघालेले बाण,
बाणांना फुटलेले बाण,
आणि सगळे एकाच कोपऱ्यात जाऊन अडकलेले.
मी शेजारच्या टेबलाला फुगा बांधत होते.
स्वयंसेवकांनी बोलायचं नाही.
गाठ दोनदा सुटली.
एक शब्द पुरला असता: उलटं.
मी तो दाताखाली धरला,
रबराची चव आली.

शेवटच्या तासात गुणफलक गोठवतात.
कोण पुढे, कोण मागे, पडद्याला माहीत नसतं,
मला असतं. माझ्या हातात चिठ्ठ्या येतात.
वेळ संपायला अकरा मिनिटं राहिली तेव्हा
एक चिठ्ठी आली: ४३, ड.
मी धावले. धावता धावता फुगवला,
निम्माच फुगला.
कोटवाल्या मुलानं तो दोन्ही हातांनी घेतला,
गरम बोरसोक घ्यावा तसा,
आणि आधी माझ्याकडे नाही, कागदाकडे पाहिलं.
कागद उलटा धरलेला होता.
म्हणजे खरोखरच उलटा, डोकं खाली.
हे त्याला कसं सुचलं, मला माहीत नाही.
मी विचारलं नाही. स्वयंसेवकांनी बोलायचं नाही.

ते छत्तिसावे आले.

संध्याकाळी झाडूवाल्या मावशी काठीला टाचणी लावून
छताचे फुगे फोडत होत्या.
दर आवाजाला झिल्दिझ एजे दचकत,
आणि प्रमाणपत्रावर कोणाचं तरी नाव चुकत.
माझं 'आयझादा' झालं. नवीन छापू म्हणाल्या, सोमवारी.
तपकिरी फुग्यांचं पाकीट तसंच राहिलं होतं, सीलबंद.
ग. साठांपैकी एकालाही आलं नाही.
पाकीट मी मोज्यांबरोबर खिशात घातलं.

मार्शरुत्कात उभं राहायला जागा होती, लिहायला नव्हती.
मी ग-चा कागद दारावर टेकवला.
मागून कोणीतरी भाड्याची नाणी पुढे दिली,
माझ्या हातातून ती ड्रायव्हरकडे गेली,
सुटे पैसे परत आले, मागे गेले.
दुसरी ओळ लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
दातांनी सोललं,
आणि माझा थांबा मागे पडला.