माशाचं पाणी

काराशोकच्या अलीकडचा थांबा. उणे एकतीस.
बर्फ वितळायला स्टोव्हला किती वेळ लागतो,
विचारू नका.

नुसतं पाणी गुम्पे हुंगतो, तोंड फिरवतो.
म्हणून सॅमनचा चुरा, वर मूठभर चरबी,
मग आठही पातेली लपलप, लपलप.

रिस्तेन हातमोजा काढते.
केसांखालून बोटं फिरवते:
बरगडी हाताला लागावी, डोळ्यांना दिसू नये.
मानेची कातडी चिमटीत धरायची, सोडायची.
झटकन बसली, पुढचा.
झटकन बसली, पुढचा.
म्हाताऱ्या चाहप्पेची बसेना.
तिनं गपचूप त्याचा पट्टा सोडला.
तो दोरापाशीच उभा,
आपलं काही चुकलं का म्हणून.

आणि तू? डॉक्टर ओड्वार म्हणाला.
तू कधी प्यायलीस?
तिला आठवेना.
पँट दोरीनं आवळलेली;
मघाशी बर्चमागे बर्फावर पडलेला डाग
कोऱ्या चहाच्या रंगाचा.
त्यानं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली.
सोडली.
तंबूसारखी उभीच राहिली.

गुम्पेच्या पातेल्यात तळाशी थोडं उरलं होतं,
कोमट, खवल्यांसकट.
रिस्तेननं उभ्याउभ्याच तोंडाला लावलं.
गुम्पे बसून बघत राहिला,
संपेपर्यंत.