रंगाचं नाव अँथ्रासाइट

ओस्त्रावात पांढऱ्या खिडक्या आता कुणालाच नकोत.
बारा मजले, तीनशे चाळीस चौकटी,
नव्वदच्या दशकातलं प्लास्टिक, पिवळं पडलेलं,
चहा पिणाऱ्याच्या दातांसारखं.
रहिवाशांच्या बैठकीत म्हणे दोन तास भांडण झालं,
मग हात वर झाले: नव्या परवडत नाहीत,
वरून फिल्म चिकटवा.
रंग अँथ्रासाइट. मॅट.

तर मी आणि वेंदेलीन, टांगत्या पाळण्यात.

आधी साबणाचं पाणी. मग स्पिरिट.
मग हातमोजा काढून उघडं बोट फिरवायचं,
कारण डोळा खोटं बोलतो, बोटाला ती सवय नाही.
एक कण राहिला तरी फिल्म तो सांगून टाकते,
तिरप्या उन्हात, सगळ्या रस्त्याला.
वेंदेलीनला वाटायचं, आपलं काम झाकायचं.
पहिल्याच आठवड्यात कळलं त्याला:
ही कातडी आहे, गोधडी नव्हे.

पाठीचा कागद वीतभर सोलायचा, जास्त नाही.
फेल्ट लावलेली पट्टी मधून कडेला रेटत न्यायची,
हवेला वाट ठेवून.
पारा दहाच्या खाली गेला की गोंद रुसतो.
तेव्हा आम्ही थर्मास उघडतो, ढगांकडे बघतो,
आणि मजुरी बुडते.
लोक म्हणतात नव्याचे नऊ दिवस.
आमची हमी दहा वर्षांची आहे, लेखी.

नवव्या मजल्यावर कुबांकोवाबाईंनी खिडकी आत ओढली.
"हा कुठला रंग?"
मी नमुन्याची पट्टी पुढे केली.
नाव वाचायला त्यांनी चष्मा लावला
आणि हसल्या, खोकल्यासारख्या.
"एकतीस वर्षं ओल्द्रिखच्या मानेवरून मी हेच घासून काढलं.
कानामागून. नखांतून. उशीच्या अभ्र्यांतून.
आता तुम्ही पैसे घेऊन चिकटवताय."
थोडं थांबून:
"आणि अँथ्रासाइट नव्हताच आमच्या खाणीत.
साधा कोळसा होता, कोकचा. एवढं तरी नीट लिहा."
कळवते, मी म्हटलं.
कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून, खळगे होते.
तपकिरी, वितळलेले, वाटाण्याएवढे.
सिगारेटी विझवल्याचे. मी मोजले, तेरा.
पुटीचा डबा उघडला, भरायचेच असतात ते.
"राहू द्या."
"दिसतील," वेंदेलीन म्हणाला, "फिल्म काही लपवत नाही."
"मग बरंच आहे."

घरात ओढायची बंदी होती. बंदी बाईंचीच.
तो इथून बाहेर वाकायचा, जानेवारीतसुद्धा, बनियनवर,
आणि त्या आतून ओरडायच्या, खिडकी लाव,
माझं सगळं घर गार केलंस.

खळग्यावर ताणलेली फिल्म कधीतरी सुटते,
हे माझ्या हातांना माहीत आहे.
म्हणून गरम हवेचा झोत लावला,
आणि एकेका खळग्यात ती अंगठ्याने दाबत गेले,
मऊ असतानाच.
सातव्याला अंगठा भाजला. आठव्याला डावा लावला.
शेवटच्यात एक फुगा राहिला.
सुई टोचली. ती हवा निघते तेव्हा ऐकू येत नाही,
तरी वेंदेलीनने कान लावला.

शुक्रवारी तपासनीस आला, बॅटरी घेऊन.
चौकट दोनशे सतरा, पृष्ठभाग असमान.
चारशे क्राउन कापले.
वेंदेलीन भांडायला निघाला होता, मी त्याची बाही धरली.
पाळणा उतरवून दोर गुंडाळताना वर पाहिलं.
सगळ्या खिडक्या एकाच काळ्या-करड्या रंगाच्या,
नववा मजला मोजल्याशिवाय सापडेना.
मोजत होते तेवढ्यात एक हात बाहेर आला,
कोपऱ्याशी थोडा रेंगाळला,
आत गेला.

फडकं झटकायला असेल.
पण हातात फडकं नव्हतं.