शिंक

किल्ली फिरवली, एसीचा पंखा दोनवर केला
की जिभाऊंना शिंक येते.
आणि शिंक आली की निघायचं नसतं.
"थांब माय, शिंक उनी."
मग मी इंजिन बंद करते.
सासरा आणि सून, नंदुरबारच्या उन्हात, काचा वर करून
पाच मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत बसतो.
भिंतीवर टायपिंग क्लासची जाहिरात रंगवलीय,
ती मला पाठ झालीय, फोन नंबरासकट.

शहाद्याच्या कोर्टात त्यांचा दावा आहे,
सामाईक बोळातल्या एका पाइपाचा.
नऊ वर्षांत एकोणचाळीस तारखा.
त्यातल्या अलीकडच्या सहा, म्हणजे गाडी घेतल्यापासूनच्या,
जिभाऊ सरळ शिंकेच्या खात्यावर मांडतात.

अय्याज पिंजारीने दारातून डोकं आत घातलं,
पंखा लावून एकदा नाक ओढलं.
"मागच्या मालकाने हे कधी उघडलंच नाही, ताई.
आधी कप्पा रिकामा करा."
निघालं ते असं: पीयूसीचा कागद, आवळासुपारीची पुडी,
भुसावळच्या कुठल्याशा लग्नाची पत्रिका, आमची नव्हे,
आणि जिभाऊंचा चष्मा,
ज्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.
कडा आत दाबल्या तसा कप्पा खाली लोंबला,
दुपारी झोपलेल्या माणसाच्या जबड्यासारखा.
मागे एक पट्टी, दोन खटके.
"ओढा."

निऱ्यानिऱ्यांचा कागद. मूळचा पांढरा असावा.
तळाशी राख, करडी, ती भुसावळची, आमच्या आधीची.
तिच्यावर कापूस, जिनिंगच्या रस्त्यावरचा, चिकटून बसलेला.
प्रकाशाच्या पुलावरची धूळ. माशीचा एक पंख.
कडुलिंबाची वाळकी काडी, ती आत कशी आली देव जाणे.
आणि बाकी सगळं लाल.

पथाऱ्यांवरून जाताना मी काचा चढवते,
बाहेरची हवा बंद करायचं बटण दाबते,
दाबेपर्यंत नेहमी उशीर झालेला असतो.
मैदानभर मिरची. तिच्या कडेला बाया देठ खुडत बसलेल्या,
नाकावरून पदर, त्याचं टोक दातात धरलेलं.
परवा त्यातली एक माझ्याकडे बघून हसली,
म्हणजे डोळ्यांवरून तसं वाटलं.
मी हात केला. काच वरच होती.

अय्याजने फिल्टर टायरवर आपटला.
बिया पडल्या, पिवळ्या, चपट्या, मूठभर.
"आमचे आजोबा रुई पिंजायचे," तो म्हणाला.
"आधी नाक शिंकरायचे, मग भाकरीला हात.
आजी म्हणायची, यांच्या नाकातनं
वर्षाकाठी एक उशी निघेल."
तो हसला. मीही हसले, मग थांबले,
कारण तो अजून बियांकडे बघत होता.

नव्या फिल्टरवर बाण असतो.
मी उलटा बसवला.
"हवा वरून खाली जाते, ताई."
पुन्हा काढला, पुन्हा बसवला, नख मोडलं.
साडेतीनशे रुपये. मजुरी त्याने घेतली नाही,
काम तुम्हीच केलंत, म्हणाला.

मंगळवारी तारीख होती.
किल्ली. पंखा दोनवर.
जिभाऊंनी रुमाल काढून तयार धरला.
हवा आली, नुसती हवा, कशाचाच वास नसलेली.
त्यांनी वाट पाहिली. नाक वर केलं.
काचेतून डोळे बारीक करून थेट सूर्याकडे पाहिलं.
काही नाही.
"आज शिंक नही उनी," ते म्हणाले,
वकिलाच्या फीबद्दल बोलताना असतो तो आवाज.
"मंग निंघानं कसं?"

मी इंजिन बंद केलं.
इंग्रजी चाळीस, मराठी तीस. प्रवेश सुरू.
फोन नंबराचा शेवटचा आकडा सात.
रुमालाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली,
मग मान हलवली,
मग निघालो.