शेंड्या

खिन्काली खायची आमच्याकडे रीत आहे.
शेंडीला धरायचं, उलटी करायची,
कडेला जरासा चावा, आधी रस ओढून घ्यायचा.
सांडला तर समजावं, पाहुणा परगावचा.
मग बाकीची. शेंडी तेवढी ताटात ठेवायची,
कारण ती कच्चट असते,
आणि कारण तोच हिशेब.
जेवण उरकलं की शेंड्या मोजाव्यात,
कुणी किती हाणल्या ते कळतं.

पासानाउरीत, काळी अराग्वी जिथे पांढरीला मिळते,
तिथे रस्त्याला लागून माझं दुकान.
सहा बाकडी, एक पातेलं.
एकतीस वर्षं मी एका पारीला एकोणीस चुण्या घालते.
मी मोजत नाही. बोटं मोजतात.

जुंबेर घाटातला बर्फ सारायचं यंत्र चालवायचा.
आता घरीच. छातीत दोन स्टेंट.
लेक रोटरडॅमला, ताम्ता,
तिने घड्याळ पाठवलं:
पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी तर चोवीस तास,
आणि ताटाचा फोटो काढला
की फोनवर सांगतं काय खाल्लं, किती खाल्लं.
पहिल्याच दिवशी त्याने माझ्या खिन्काल्यांचा फोटो काढला.
फोन म्हणाला:
लसणाचे गड्डे, सात. उत्तम आहार.

आठवडाभर हसलो आम्ही.
ट्रकवाले यायचे, म्हणायचे, लामारा, दहा लसूण टाक.
मी म्हटलं, जुंबेर, हे यंत्र विकून एक बकरी घे,
निदान दूध तरी देईल.

मग फेब्रुवारी आला. वर घाट बंद,
दुकानात तो एकटा, काचेवर वाफ.
मनगट थरथरलं. त्याने बाही खाली ओढली.
पुन्हा थरथरलं.
काय म्हणतंय, मी विचारलं.
म्हणाला, काही नाही, ठोके चुकतायत म्हणे.
बर्फ सारताना माझं यंत्रही चुकायचं, चालायचं तरी.
त्याचे ओठ पिठासारखे दिसले मला.
मी चूल विझवली, पातेलं तसंच,
सोसोच्या गाडीत त्याला घातलं आणि दुशेतीला नेलं.
डॉक्टर म्हणाली, एक तास उशीर झाला असता तर…
पुढचं तिने बोलायची गरज नव्हती.

तर ते बकरीचं मी मागे घेतलं.

आता त्याला पाच. पाचाच्या वर नाही.
फोन शहाणा झालाय, लसूण ओळखतो, खिन्काली ओळखतो,
जेवणानंतर शेंड्यांचा फोटो मागतो.
ताटात पाच शेंड्या, रोज.
रोटरडॅमला हिरवी खूण उमटते.

पण वाफाळत्या सात मी स्वतः वाढते.
उरलेल्या दोन शेंड्या जातात कोटाच्या डाव्या खिशात.
त्सियाला जिवंत होती तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत हेच,
तोच खिसा.
बायकोला लावायचा ती शेंडी आता घड्याळाला लावतो.

ताम्ताचा फोन आला, मला, रात्री.
मावशी, खरं सांग, बाबा किती खातो?
माझ्या नखांत पीठ होतं.
तिकडे तिच्या खोलीत कुठलंसं यंत्र गुणगुणत होतं.
पाच, मी म्हटलं.
बरं, म्हणाली ती, आणि फोन ठेवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याची पारी मी लहान लाटते.
सारण चमचाभर कमी, मीठ चिमटीत अर्धं.
चुण्या तेवढ्याच, एकोणीस,
नाहीतर ओळखेल. माझ्याकडे तराजू नाही.
सात म्हणजे पाच होतील असा बोटांचा अंदाज.
हे घड्याळाला ठाऊक नाही, ताम्ताला नाही,
तुम्हीही बोलू नका.

काल खाता खाता थांबला.
शेवटची उजेडात धरून बघत म्हणाला,
लामारा, हल्ली हात आखडता घेतेस का?
मी पातेल्यात बघत विचारलं, तुझं घड्याळ काय म्हणतं?
त्याने बाही वर केली, चष्मा शोधला.
म्हणतं, खूप वेळ बसलास, ऊठ, जरा चाल.

उठला. पुलाकडे निघाला, सावकाश,
मनगट डोळ्यांपासून लांब धरून पावलं वाचत.
मागोमाग ते लंगडं कुत्रं,
ज्याला त्या डाव्या खिशाचा
पक्का हिशेब माहीत आहे.