संकोच

उद्यमनगरात सोमवारची सुट्टी,
भट्टी गार, लेथच्या पाट्यावर मांजर झोपलेलं.
मी नवा कंपायलर चढवला
आणि साडेनवाला पहिली लायब्ररी आडवी झाली.

ते सोपं होतं.
जुन्यानं भाजून ठेवलेल्या फाइली
नवा तोंडात घेत नाही,
दुसऱ्याच्या तव्यावरची भाकरी म्हणतो.
अख्खा कॅश पुसला. पुन्हा बिल्ड.
दुसरी पडली:
तिनं कंपायलरच्या घरातलं एक नाव
न विचारता वापरलेलं,
आणि आता त्या घराला कुलूप.
नाव बदललं. बदलताना एक कंस गळाला,
तो सापडेपर्यंत चहावर साय.

तिसऱ्यावर मात्र अडलं.
मगदूम सरांची फाइल, दोन हजार अकराची.
साचा केवढा मोठा करायचा त्याचं गणित,
कारण बीड थिजताना आक्रसतं.
त्या आक्रसण्याला सरांनी नाव दिलं होतं संकोच,
आणि ते कायमचं ठरवून टाकलं होतं.
दोनदा.
ओळ चाळीस: शंभराला एक.
ओळ सहाशे बारा: शंभराला दोन.

जुना कंपायलर बोलला नव्हता असं नाही.
प्रत्येक बिल्डला, चौदा वर्षं,
सरकत्या ओळींच्या गर्दीत
बारीक आवाजात इशारा द्यायचा,
मग शेवटचा शब्द खरा धरून कामाला लागायचा.

नव्याला ते चालत नाही.
नवा माझ्या पुण्यातल्या पहिल्या टीम लीडसारखा.
मी "जेवलो" म्हटलं की हातातलं काम थांबवून
"जेवले," म्हणायचा. "जेवले."
अर्थ कळलेला असायचा त्याला. तरी.
सहा महिने मी त्या ऑफिसात
क्रियापद गिळून बोलत राहिले.

मंगळवारी शिकलगार मामांना गाठलं.
फेटलिंगला एकतीस वर्षं, उजव्या अंगठ्याला नख नाही.
"बिडाचा माल अंगात जरा ज्यादाच येतोय की.
वितभर तुकड्याला नखाएवढं.
मी उतरवतो कानशीनं."
कधीपासून?
"कम्प्युटर आल्यापास्नं.
मला वाटलं, त्येला म्हाईत असंल."
मग सांगायचं नाही का कुणाला?
"इचारलं कुणी?"

सर आता जयसिंगपूरला असतात.
फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"दुसरा आकडा पोलादाचा," म्हणाले.
"त्या साली पोलादाची ऑर्डर येणार होती.
मी आपली आधीच तयारी करून ठेवली.
ती आलीच नाही गं."

दोन नावं केली. बीड-संकोच, पोलाद-संकोच.
पोलादाचं कुणी वापरत नाही.
पुसणार होतो, राहू दिलं.

गुरुवारी नव्या मापाचा पहिला तुकडा
वाळूतून निघाला.
मामांनी तो मांडीवर घेतला,
कानस आपसूक कडेवर गेली
आणि तिथंच थांबली.
फिरवून बघितला. परत फिरवून बघितला.
"मग आता काय घासू?"
मी काही बोललो नाही.
त्यांनीच मग रनरचं बूड हुडकून काढलं,
ते तर दर तुकड्याला असतंच,
आणि त्याच्यावर बसले,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

रात्री पावणेदहाला आईचा फोन.
शटर ओढता ओढता म्हटलं, आलो.
आलोच.