घडी

मेचीच्या पुलावर मी चेहरे बघत नाही.
चेहरा पढवून पाठवलेला असतो.
मी कपडे बघते.

नवा कोरा कुर्ता,
छातीवर दुकानातल्या घडीची चौकट अजून तशीच,
काखेत किमतीच्या चिठ्ठीचा प्लास्टिकचा दोरा अडकलेला
आणि पायात
टाचेकडून झिजलेली घरची चप्पल;
की मी रिक्षापुढे हात आडवा करते.

न्यायला आलेला माणूस वरचं सगळं घेऊन देतो.
चप्पल विसरतो. बहुतेक वेळा विसरतो.

कुठे निघालीस?
मामाकडे. सिलिगुडीला. शिलाईचं काम आहे.
वय?
अठरा. (पाढ्यातलं अठरा.)
मामाचं नाव काय?

ती मागे वळून बघते.
मागच्या रिक्षातून मामा उतरलाय,
मोबाइल कानाला लावून
काकरभिट्टाच्या गर्दीत चालू लागलाय,
पाठमोरा, घाई नसल्यासारखा.

मीही ह्याच पुलावरून गेले होते.
चौदाची होते, कुर्ता फिरोजी होता.
कुणी काही विचारलं नाही.
हे सांगितलं की लोक नजर खाली घालतात,
त्यांना भलतंच वाटतं.
मी कॉलर शिवत होते.
दिल्लीत, जमिनीखालच्या एका खोलीत,
दिवसाला दोनशे कॉलर,
कुलूप बाहेरून.
लघवीला जायचं तर पत्र्याचा बिल्ला मागायचा,
आणि बावीस जणींत बिल्ला एकच.
कुणाच्या गळ्याभोवती बसल्या त्या कॉलर, माहीत नाही.
नीट बसल्या असतील. माझा हात चांगला होता.

फार उशिरा सुचलं मला,
की तो फिरोजी कुर्ता,
ज्याच्यापायी मी रिक्षात चढले,
तोही शिवला असेल
अशाच एका कुलपाआड कुणीतरी.

आता चौकीमागे आमच्या चार मशिनी आहेत.
दाराची कडी दिलकुमारीने पहिल्याच दिवशी उखडली,
तिथली भोकं अजून बुजवलेली नाहीत.
पिशव्या शिवतो, जॅकेटं शिवतो.
मजुरीची वही खुंटीला टांगलेली,
कुणीही उघडावी.

परदेशातल्या एका दुकानाची बाई लिहिते :
काम सुंदर आहे, पण नगामागे चाळीस रुपये कमी करा,
दुसरीकडे याहून स्वस्त मिळतं.

मी लिहिलं :
मिळत असेल. त्या जॅकेटला एकदा विचारा,
कुठून आलंस, सोबत कोण होतं,
आणि मामाचं नाव काय.
तिला ते कळलं की नाही, कोण जाणे.
अकरा दिवस उत्तर नाही.
मग तीनशेऐवजी साठ जॅकेटं मागवली,
आमच्या भावाने.
दिलकुमारी म्हणाली, साठ तर साठ,
आणि मशिनीत तेल घालायला बसली.

शुक्रवारी डोंगरातल्या शाळांत जाते.
पोस्टर नेत नाही.
एक नवा कुर्ता नेते आणि एक झिजकी चप्पल,
टेबलावर शेजारी शेजारी ठेवते.
मुली हसतात. हसू देते.
मागच्या बाकावरची एखादी हसत नाही,
सुट्टीत मी तिच्यापाशी जाऊन बसते.

आजची ही, सुनमाया,
चौकीतल्या बाकावर रागाने थरथरतेय.
माझी नोकरी घालवलीत तुम्ही, म्हणते.
बारा हजार मिळणार होते, जेवण फुकट.
बाबांनी हजार रुपये आधीच घेतलेत, ते कोण देणार?
ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तिला ते दिसतंय.
चहा पुढे केला तर कप सरकवते.
मी बोलत नाही. कात्री घेऊन
काखेतला तो दोरा तेवढा कापते.
तिथे कातडी लाल झालीय,
सकाळपासून टोचत असणार.

बऱ्याच वेळाने, चहावर साय धरल्यावर,
ती हळूच विचारते :
हा कुर्ता परत द्यावा लागेल?

नाही, म्हटलं.
घडी तू मोडलीस ना,
तुझाच आता.